वारुळाची माती

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आले एकदाची! दोन बॅगा, एक बादली, बीपीचं मशीन आणि आईने जबरदस्तीने कोंबलेली शेंगदाण्याची चटणी, एवढा पसारा घेऊन सायखेड्याच्या अलीकडे जीपमधून उतरले. जीपवाल्याने विचारलं, ताई, मदरशात कोण आहे तुमचं? म्हटलं, मीच आहे. त्यावर त्याने भाडं मोजून घेतलं आणि जीप वळवली. बरं झालं, नाशिकरोडपासून नुसती टकळी लावली होती त्याने.

तर मी चैताली, वय एकोणतीस, राहणार एकलहरे, आजपासून मुलींच्या निवासी मदरशाची आरोग्य व्यवस्थापक. सात वर्षं खासगी दवाखान्यात 'सिस्टर, सलाईन संपली' ऐकून कान किटले होते. इथे एकशे बेचाळीस मुली, आठ ते सतरा वयाच्या. दीनी शिक्षण आणि सोबत दहावीपर्यंतची शाळा. आजारी मुलींची खोली, औषधांचं कपाट, तपासणीच्या वह्या, सगळा कारभार माझ्या हातात. डॉक्टर महेश दर पंधरवड्याला निफाडहून येणार, बाकी फोनवर.

मुख्य बाईंना सगळे मैमुनाआपा म्हणतात, मीही आपाच म्हणायला लागले. मूळच्या मालेगावच्या, पन्नाशीच्या. आवाज कधी चढत नाही, पण त्या व्हरांड्यात आल्या की पोरी चपला ओळीत लावतात. मराठी इतकी नितळ बोलतात की मला माझ्या तोंडातल्या 'लय' आणि 'भारी'ची लाज वाटली. फरशी चकाचक, हौद धुतलेला, स्वयंपाकघरात माशी नाही. मी उगाच नाकाला रुमाल लावायच्या तयारीने आले होते. खोटं कशाला बोलू?

एक गोष्ट लिहून ठेवते. माझ्या आजीला लोक लांबून, उंचावरून पाणी ओतायचे, ओंजळीत. ती सांगायची तेव्हा मी तिचे हात बघत बसायचे. त्यामुळे पू असो, उलटी असो, मी कुणासमोर नाक मुरडत नाही आणि शक्यतो हातमोजे घालत नाही. हातमोजे चढवले की समोरच्या माणसाला लगेच कळतं. डॉक्टर लोक यावरून मला खूप बोलले आहेत.

बुधवार, ८ जानेवारी

आज पन्नास मुली तपासल्या आणि जेवण गेलं नाही. शी!

खरूज आहे. साधीसुधी नाही, चांगली मुरलेली. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला, काखेत. कातडीखाली बारीक बारीक बोगदे, वर पिवळी खपली, खपलीखाली पू. एका मुलीची बाही वर करताना बाहीला चिकटून पापुद्राच निघून आला आणि ती पोरगी हसली, म्हणाली, हे रोजचंच आहे. दुसरीची नखं दाबून पाहिली तर आतून पांढरा चिकट मळ आला, त्याला आंबूस वास. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. नंतर न्हाणीत जाऊन दोनदा ओकले.

यात आपांची काही चूक नाही. मी नर्सिंगच्या वसतिगृहात होते तिथेही हेच होतं. एका खोलीत वीस पोरी झोपल्या, एकमेकींची ओढणी घेतली, की खरूज कुणाला जात-धर्म विचारत नाही.

सगळ्यांत वाईट हात अलफियाचे. अलफिया पिंजारी, सटाण्याकडची, बारा वर्षांची, भलतीच तोंडाळ. मी तिचा हात धरला तर म्हणते, तुमना हात थंडगार शे, सिस्टर, सोडू नका. तिचं कुराण पाठ करणं चाललंय. तीसपैकी बावीस भाग झालेत, तेही सगळ्या वर्गाच्या आधी. पण बाप निरोप पाठवतोय की पोरगी सारखी आजारी पडत असेल तर घरी नेतो. एकदा नेली की तो परत आणणार नाही, हे तिलाही माहीत आहे. खपल्यांनी भरलेले दोन्ही हात माझ्यासमोर धरून तिने विचारलं, बरे होतील ना? म्हटलं, महिन्याच्या आत बरे करून दाखवते, शब्द देते. दिलेला शब्द मी मोडत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

मोठा दिवस! एकशे बेचाळीस मुलींना एकाच दिवशी मलम. मानेपासून तळपायापर्यंत, बारा तास ठेवायचं, उद्या आंघोळ. गाद्या गच्चीवर उन्हात, कपडे उकळत्या पाण्यात. कपडे आणि झाडलोट बघायला गोजराबाई आहे, सायखेड्याची, शेतकऱ्याघरची, कंबर वाकलेली पण कामाला वाघ. चार पातेली कपडे उकळताना पाण्यावर जो तवंग आला तो बघून तीसुद्धा म्हणाली, बाई गं, ह्यो तर माणसाचा साका हाय.

तिने संक्रांतीचा तिळगूळ आणला होता, तो सगळ्या पोरींना वाटला. मलम लावलेल्या हातांवर तिळगूळ ठेवताना हसू आवरेना. आपांनीही घेतला. आज फार बरं वाटतंय.

शनिवार, १८ जानेवारी

कपाळावर हात मारून घेतला! अंग कोरडं झालं, पाठी स्वच्छ, कमरा स्वच्छ, आणि हात जसेच्या तसे. उलट जास्त. काहींच्या गालांवरही पुरळ.

दुपारी व्हरांड्यात बसले होते, पोरी नमाजाआधी हौदावर आल्या आणि माझी ट्यूब पेटली. वजू! दिवसातून पाच वेळा हात कोपरापर्यंत, तोंड, पाय धुवायचे. मी मलम लावून बारा तास ठेवा म्हणून सांगून मोकळी झाले, आणि पोरी पहाटे उठून नेमके हात-तोंड धुऊन आल्या. कुणी काही चुकीचं केलं नाही. मीच विचारलं नाही. अंगातले सगळे किडे पळून पळून हातांत जमा झाले आणि मी मात्र वहीत 'उपचार पूर्ण' असं ठोकून दिलं. वा गं व्यवस्थापक!

आणि हो, माझ्याही बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली आहे. नर्सला खरूज! कुणाला सांगायची सोय नाही.

सोमवार, २० जानेवारी

डॉ. महेश म्हणाले, हातांना गंधकाचं मलम, सलग सात दिवस, आणि पाणी अजिबात नको. मी आपांना सांगायला घाबरत होते. नमाज बुडवा असं थोडंच म्हणता येतं? आपा शांतपणे म्हणाल्या, आजारपणात पाणी अपायकारक असेल तर मातीने चालतं, त्याला तयम्मुम म्हणतात. पाक मातीवर तळवे टेकायचे, चेहऱ्यावरून फिरवायचे, पुन्हा टेकायचे, हातांवरून फिरवायचे. फक्त डॉक्टरांनी लेखी द्यावं. माझा जीव भांड्यात पडला. उगाच दोन दिवस घाबरले होते मी.

डॉक्टरांची चिठ्ठी आली. 'हात' लिहिलं होतं. गालांवरचं पुरळ बघून त्यापुढे 'व चेहरा' हे मीच लिहिलं. एवढ्यासाठी पुन्हा फोन कोण करणार?

आता माती. आपांना पाक हवी, मला जंतू नसलेली. आवारात कोंबड्या फिरतात. नदीकाठची मी नको म्हटलं, तिथे पानवेली कुजलेल्या असतात आणि शहराचं सगळं सांडपाणी. तेव्हा गोजराबाई म्हणाली, माझ्या बांधावर जुनं वारूळ हाय, लय वरसांचं, रिकामं हाय, मुंगी नाय की साप नाय, त्याच्या मातीसारखी निर्मळ माती नाय. आपांना पटलं, मला पटलं.

मंगळवार, २१ जानेवारी

दोन पाट्या माती आली. काय सुंदर माती आहे! मैद्यासारखी, किंचित गोडसर वास. चाळून घेतली. मोठ्या कढईत भाजून घ्यावी असं मनात होतं, पण स्वयंपाकाची वेळ झाली होती, आचारीणबाईंनी कढई दिली नाही. मग गच्चीवर दोन तास उन्हात ठेवली. तेवढं पुरे.

बुधवार, २२ जानेवारी

सुरुवात झाली. पिवळं, तेलकट, नासक्या अंड्यासारखा वास येणारं मलम हातांना आणि तोंडाला, त्यावर पाच वेळा माती. आठवडाभर आंघोळ नाही, ओल्या फडक्याने पाठ-पोट पुसायचं. जेवायला चमचे. संडासाला जाताना हातात प्लास्टिकची पिशवी. पोरींनी नाकं धरली, मला मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील.

मी खोलीचं दार लावून स्वतःलाही तेच केलं. माती इतकी गार लागली की थोडी तोंडालाही फासली. मुलतानी माती झक मारते हिच्यापुढे.

शनिवार, २५ जानेवारी

खाज थांबली!! सगळ्यांची. एकही पोरगी खाजवत नाही. खपल्या गळून पडल्या, गादीवर नुसता कोंडा पडतो, गोजराबाई सुपाने भरून नेते. खालची कातडी गुळगुळीत, कोरडी. अलफियाचे हात बघून मला रडू यायचं बाकी होतं. ती म्हणाली, तेविसावा भाग झाला. बापाला मी स्वतः फोन करून कळवलं की पोरगी ठणठणीत आहे.

माझे हातही बरे झाले. गंधकाचा वास पार दबला, आता सगळीकडे मातीचा गोड वास येतो. जरा जास्तच गोड, नासायला लागलेल्या चिकूसारखा. जेवताना नको वाटतो.

सोमवार, २७ जानेवारी

दोन-तीन गोष्टी.

आमटीचं पातेलं सलग तीन दिवस तसंच परत जातंय. पोरी नुसती चपाती खातात, कोरडी. पाणी पितात ते ग्लास टेबलावर ठेवून, वाकून, ओठांनी. हात लावत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, नको वाटतं.

दुपारी सुट्टीत भिंतीकडेला उन्हात बसतात, एका ओळीत. दंगा नाही. आधी एवढी कलकल असायची की डोकं उठायचं.

पोरींच्या मनगटांवर मातीची बारीक, वर उठलेली रेघ दिसते, नखापासून निघून कोपराकडे गेलेली. मलमावर माती बसून कड धरली असेल. एकीची नखाने खरवडली. उद्या पुन्हा बघते.

मंगळवार, २८ जानेवारी

सात दिवस झाले. डॉक्टरांना फोटो पाठवले, ते म्हणाले, कमाल केलीत सिस्टर. आपांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. कातडी नवी आहे म्हणून मी आणखी दोन दिवस कोरडं ठेवायला सांगितलं. शुक्रवारी जुम्म्याची आंघोळ सगळ्या करतात, तेव्हापासून पाणी सुरू. 'पाणी वापरण्यास हरकत नाही' असा कागद सहीनिशी फळ्यावर लावला.

कालची खरवडलेली रेघ पुन्हा आली आहे. त्याच जागी. पोरींना विचारलं, नवीन माती तिथे लावली का? नाही म्हणाल्या.

बुधवार, २९ जानेवारी

अलफियाने माझा हात कानाला लावून बघायला सांगितलं. म्हणाली, तुमनामा बी वाजस का, बघा. तिच्या हातात म्हणे काहीतरी वाजतं. मी हसले. तिचा तळवा माझ्या कानाला लावला.

आतून आवाज येतो. कुरकुर, कुरकुर. कुणीतरी बारीक दातांनी कागद खातंय तसा.

कानात मळ असेल म्हणून कान साफ केला. मग स्वतःचा तळवा लावला.

जेवले नाही.

गुरुवार, ३० जानेवारी, दुपार

सगळं नीट लिहून ठेवायचं आहे. उद्या कुणी विचारलं तर.

जेवणात वरणभात होता. मी ठरवलं की हे कोरडं कोरडं पुरे झालं, मनातली भीती काढायला हवी. चमचे गोळा करून नेले. अलफियाच्या शेजारी बसले. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, अगं बाई, वरण आहे, विष नाही. आणि मीच तिचा हात धरून ताटातल्या गरम वरणात बुडवला.

तिची दोन बोटं विरघळली.

पेरांपासून पुढे. चहात बुडवलेलं बिस्कीट पडतं तशी पडली. रक्त नाही. ती ओरडलीही नाही, तिला दुखलंच नाही, नुसती बघत राहिली. राहिलेल्या बोटांच्या आत हाड दिसलं नाही. आत मातीच्या खोल्या होत्या, बारीक बारीक, एकावर एक. आणि त्यांत पांढरे, तांदळाच्या कणीएवढे, मऊ, ओले, शेकडो, एकमेकांवरून चालत होते. काही वरणात पडले. तरंगत होते. शेजारच्या पोरी खाली मान घालून चपाती चावत होत्या.

मी आधी ओकले. मग तिला उचललं आणि आजारी मुलींच्या खोलीत आणलं.

गुरुवार, संध्याकाळ

बोटं परत आली.

माझ्या डोळ्यांदेखत. पांढरे एकामागून एक वर आले, तोंडातून काहीतरी चिकट काढून लावत गेले. लाळ, माती, लाळ, माती. दोन तासांत पेर झालं, वर नखसुद्धा. वरून गुलाबी. कुणी म्हणणार नाही.

आपांना बोलावलं. त्यांनी अलफियाचा हात उलटसुलट बघितला, दिव्याखाली धरला. चांगला आहे म्हणाल्या. ट्रेमध्ये ठेवलेली बोटं दाखवली, तर ट्रेमध्ये चिखल. त्यांनी अलफियाला विचारलं. तिने सगळं खरं सांगितलं. आपांनी तिच्या कपाळाला हात लावला, मग माझ्या. म्हणाल्या, चैतालीबाई, तुम्ही तीन आठवडे नीट झोपला नाहीत.

डॉ. महेशना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

स्वतःच्या अंगठ्यात सुई टोचली. पार आत गेली. सुईला माती लागली आणि तिच्या टोकावर एक पांढरा वळवळत होता.

मी आयुष्यात कुणाची किळस केली नाही. आता माझ्याच हातांची वाटते. हे हात कुठे ठेवू? अंगापासून लांब धरून बसले आहे.

आणि चेहरा. चेहऱ्यालाही मलम मीच लावायला सांगितलं. 'व चेहरा.' ते दोन शब्द माझे.

उद्या आंघोळ. एकशे बेचाळीस.

शुक्रवार, ३१ जानेवारी, सकाळी ७

फळ्यावरचा कागद फाडला. आपांकडे दुसरा लावलेला आहे, वहीत. माझी सही.

गच्चीवरची टाकी सोडून दिली. हौदाचं बूच काढलं. मोटारीचा फ्यूज माझ्या खिशात. थेंब नाही कुठे. आता बघू.

८.३०

आपांच्या पाया पडले. खरंच पडले. हात न लावता, कपाळ टेकून. म्हटलं, आणखी एक दिवस माती चालू द्या. आपा म्हणाल्या, आजार बरा झाल्यावर ते चालत नाही, आणि बरा झाला असं तुम्हीच लिहून दिलंय. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी.

मी ओरडले. वाईट शब्द बोलले. गोजराबाईने मागून धरलं. तिच्या हातांना काही झालेलं नाही, तिने मलम लावलंच नव्हतं. ती रडत होती, म्हणत होती, पोरीचं डोकं फिरलं, काय झालं वो हिला.

मला आणि माझीच बाजू घेणाऱ्या अलफियाला आजारी मुलींच्या खोलीत बसवलं. कडी बाहेरून. एकलहऱ्याला आईला फोन केलाय त्यांनी, ती येते आहे.

आईने हात धरायला नको.

९.१५

पाण्याचा टँकर आला.

फाटकातून मागे मागे घेत आणला. पाइप हौदात सोडला. आवाज येतोय. मी खिडकीच्या गजांतून ओरडतेय, अलफियाही ओरडतेय, तिच्या भाषेत, त्यांच्या भाषेत, नावं घेऊन घेऊन. पोरी वर बघतात. टॉवेल खांद्यावर. आपांनी समजावून पाण्याची भीती घालवली असेल, आज कितीतरी दिवसांनी हसतायत त्या.

एकीने हात हलवला.

९.४०

हौद भरला. टँकर बंद केला.

पाणी उडवल्याचा आवाज —

एकही किंकाळी नाही. दुखत नाही ना. दुखत नाही त्यांना.

९.५०

हसणं थांबलं.

आपांचा आवाज. एकदाच. त्यांना मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

खिडकीखालून नाली जाते. आधी साबणाचं पाणी आलं. मग गढूळ. मग दाट, तांबूस, कणीक भिजवल्यासारखं, हळूहळू सरकत. त्यावर पांढरे. लाखो. नालीच्या कडेवर चढतायत, वाळतायत, लगेच माती लावायला —

गोड वास. तोंडात येतोय. ओकायला काही उरलं नाही.

आता बाहेर काहीच आवाज नाही. गोजराबाई कडी काढत नाही, हौदाकडेच धावली असेल. हाका मारल्या. कुणी नाही की —

१०.०५

अलफिया माझ्या शेजारी आहे. तिचे हात मी कोरड्या टॉवेलात गुंडाळले. माझे पण. टॉवेलातून पेन धरलंय. शब्द दिला होता तिला. हे दोन हात तरी. हे दोन तरी मी —

ती विचारते, माझ्या सगळ्या मैत्रिणी का बोलत नाहीत?

सांगितलं, झोपल्या.

तिला कळलं. बारा वर्षांची आहे, तिला कळतं.

तिला म्हटलं, रडायचं नाही. अजिबात नाही. वर बघ, छताकडे बघ, पाठ केलेलं म्हण. ती म्हणते आहे. चांगला आवाज आहे तिचा. ओठ थरथरतायत. डोळे भरलेत. नको. नको गं बाळा, नको —

गालावरून एक थेंब ओघळला.

त्याच्या वाटेने गाल खचत गेला. बारीक रेघ पडली. रेघेच्या आत हालचाल. ती अजून म्हणते आहे. तिला दुखत नाही. माझ्याकडे बघून हसते, सिस्टर तुम्ही पण रडू नका म्हणते. आणि दुसऱ्या डोळ्यातून —

मी रडत नाही. मी नर्स आहे. सात वर्षं मी कुणासमोर रडले नाही, मी आत्ताही रड